हुचितानच्या बायका, मालवणच्या किनाऱ्यावर

फोंडाघाट

कोल्हापुराहून राधानगरीमार्गे निघालेली एसटी दाजीपूरचं जंगल मागे टाकून घाट उतरू लागली की हवा बदलते, असं माझी धाकटी बहीण शैला नेहमी सांगायची. वर्षातून दोन-तीनदा ती या घाटानं खाली जायची. मी कधी गेले नव्हते. माझी सगळी नोकरी एका कॉलेजच्या ग्रंथालयात झाली आणि सुट्टी लागली की मला घरीच बरं वाटायचं. या माघात मी पहिल्यांदा तो घाट उतरले, तेव्हा शैलाला जाऊन काही महिने झाले होते. हवा खरोखर बदलली. वर खिडकीतून कोरडी थंडी येत होती. खाली फोंड्याच्या बाजारात गाडी थांबली तेव्हा मी स्वेटर काढून पिशवीत घातला. स्टँडसमोर कोकमं विकणाऱ्या बाईनं माझ्याकडे बघून "घाटावरसून इलास?" असं विचारलं. मी हो म्हटलं. मग तिनं मला कोकमं विकत घ्यायला लावली.

कशासाठी निघाले होते ते आधी सांगायला हवं. मेक्सिकोच्या दक्षिणेला ओआहाका नावाचा प्रांत आहे. तिथे झापोतेक लोक फार पूर्वीपासून राहतात. त्यांची भाषा स्वतःची, स्पॅनिशहून अगदी निराळी. त्यांच्या हुचितान या गावातल्या बायकांवर एक माहितीपट आहे. तिथला बाजार बायका चालवतात. पुरुष शेती करतात, मासेमारीला जातात आणि जे काही आणतात ते बायकांच्या हवाली करतात. घरात शब्द आईचा, सणासमारंभात कारभार मावश्या-आत्यांचा. बाहेरून येणारे लोक हे बघून चकित होतात आणि त्यावर भरपूर लिहितात.

शैला रेडिओसाठी लेखन करायची, भाषांतरं करायची. या माहितीपटाचं मराठी निवेदन तिनं लिहिलं आणि स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केलं. फक्त शेवटचा भाग राहिला. खरं तर तिनं तो मुद्दाम मागे ठेवला होता. मालवणच्या किनाऱ्यावर मासे विकणाऱ्या बायकांवर तिनं पूर्वी एक कार्यक्रम केला होता, तेव्हापासून त्यांच्याकडे तिचं येणंजाणं होतं. हा सिनेमा आधी त्यांना दाखवते, त्या काय म्हणतात ते ऐकते आणि मग शेवट लिहिते, असं तिनं ठरवलं होतं. मग ती आजारी पडली.

पुण्याहून हे काम बघणारी अनघा मला भेटायला आली होती. मुलगी सालस आहे. तिनं दोन मार्ग सांगितले. एक, उरलेला भाग दुसऱ्या कुणीतरी बोलायचा. मीच बोलले तर उत्तम. दोन, सगळंच निवेदन एखाद्या निवेदिकेकडून नव्यानं करून घ्यायचं. दुसऱ्या मार्गात शैलाचा आवाज पूर्ण जाणार होता. माझ्यापुरतं एक पक्कं होतं: तिच्या आवाजाला कुणी हात लावायचा नाही, एक शब्दही काढायचा नाही. पण मग उरलेलं मला बोलावं लागणार होतं, आणि काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. चारचौघांत बोलायची मला सवय नाही. ग्रंथालयात तर गप्प राहणं हीच नोकरी होती. म्हणून मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि शैला जिथे जाणार होती तिथे निघाले.

रोझीबायचं घर

गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या बायकांनीच तसं सांगितलं आहे. का ते पुढे येईल. मालवण आणि देवगड यांच्या मधल्या किनाऱ्यावर ते आहे, एवढं पुरे. कणकवलीला गाडी बदलून आणि शेवटी रिक्षानं मी तिथे पोचले तेव्हा ऊन उतरत आलं होतं.

रोझीबाय निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं माहेर गोव्यातलं, मडगावजवळचं. घर चिऱ्याचं, अंगणात पांढरा क्रूस आणि त्याच्या पायाशी झेंडूची रोपं. शैला यायची तेव्हा यांच्याकडेच उतरायची. मला वाटलं होतं, दारातच तिची आठवण काढून दोघींना रडू येईल, आणि त्या प्रसंगाची मी मनातून तयारी केली होती. रोझीबायनी माझ्या हातातली पिशवी घेतली, पाय धुवायला पाणी दिलं आणि मला कुठली खोली ते दाखवलं. तिची खोली होती. चादर नवी घातली होती.

जेवायला भात, बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. आम्ही कोल्हापूरची माणसं तिखटाला घाबरत नाही, म्हणून मी पहिल्याच घासाला मोठा तुकडा घेतला आणि त्यातली काळपट टपोरी फळंही चावली. ती तिरफळं. जीभ आणि ओठ एकदम बधिर झाले, जणू दातांच्या डॉक्टरकडून आले आहे.

"ता चावूचा नसता, बाय. बाजूक काढूचा," रोझीबाय शांतपणे म्हणाल्या. "शैलान पण पयल्या दिवशी चावलेलान."

हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. एवढ्या वर्षांत घाटाची हवा, समुद्राचा रंग, सगळं सांगितलं; हे मात्र नाही.

हात धुऊन आम्ही ओटीवर बसलो. आमच्याकडे दुःखाच्या घरी भेटायला येणारे लोक आजाराचं नाव विचारतात, डॉक्टर कोण होता ते विचारतात, मग "भोगून सुटली" असं म्हणून चहा घेतात. मला महिनोन् महिने तीच उत्तरं द्यायची सवय झाली होती. रोझीबायनी काही वेळानं विचारलं, "शेवटाक तिना काय खाल्ल्यान?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, दहीभात, दोन-तीन घास. त्याआधी दोन दिवस तिनं बांगडा मागितला होता. कोल्हापुरात बर्फातला मिळाला, तो मी तळून दिला. तिनं ताट जवळ घेतलं, वास घेतला आणि परत केलं.

"वास बघून परत केल्यान," रोझीबाय म्हणाल्या. "म्हंजे शुद्धीर होती. बरा झाला."

त्या रात्री मला झोप लागली.

किनारा

सकाळी मी एकटीच समुद्रावर गेले. होड्या परत येत होत्या. पुरुष टोपल्या खांद्यावर घेऊन पाण्यातून वर येत आणि ओली वाळू संपते तिथे खाली ठेवत. त्यापलीकडे कोरड्या वाळूत बायकांचा घोळका उभा होता. रोझीबायसाठी मासे न्यावेत असं माझ्या मनात आलं. एका टोपलीत बांगडे होते, निळ्या-हिरव्या पाठीचे, अजून हलणारे. टोपली ठेवणारा माणूस जवळच उभा होता, साठीचा, डोक्याला लाल पंचा गुंडाळलेला. मी त्याला भाव विचारला.

तो समुद्राकडे बघू लागला. ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा विचारलं. आता तो चक्क पाठ वळवून उभा राहिला आणि सगळ्या बायका हसायला लागल्या. घोळक्यातून एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई पुढे आली. कासोट्याचं हिरवं लुगडं, कानात सोन्याच्या कुड्या.

"माझ्या घोवाक कित्या अडचणीत घालतस गो?" ती म्हणाली. "तेना भाव सांगल्यान तर रात्री जेवण कोण वाढतला?"

ही सुलोचना, आणि पाठ वळवून उभा असलेला तिचा नवरा गणपत. शैलाच्या बोलण्यातली सुलू ती हीच. मी कोण ते सांगितल्यावर तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं, हात धरला आणि मला घोळक्यात स्वतःशेजारी उभी केली. मग लिलाव सुरू झाला. सुलूनं टोपलीत एकदा हात फिरवला आणि आकडा पुकारला. घेणाऱ्या बायका कमी सांगत गेल्या, ती चढवत गेली. मधेच एकीनं हिच्या माशांचे डोळे लाल आहेत म्हटलं, तेव्हा सुलूनं "रात्रभर तुझी वाट बघल्यानी ते" असं उत्तर दिलं आणि व्यवहार तिथेच ठरला. एकाही पुरुषानं तोंड उघडलं नाही. या गावचा तो नेम आहे. मासा पाण्यातून ओल्या वाळूपर्यंत आणायचा पुरुषानं. तिथून वर भाव बोलायचा तो बाईनं. पुरुषानं स्वतःच्या जाळ्यातल्या माशाचा भाव सांगणं इथे कुणी बघितलेलं नाही. गणपतला घरच्या कालवणासाठी मासे हवे असतात तेव्हा तोही सुलूकडे बघून नुसती हनुवटी हलवतो.

कोल्हापुरात भाजी बायका विकतात, पण गुळाचे सौदे पुरुषच काढतात, आणि मंडईत बाई आकडा पुकारते आहे असं मी कधी पाहिलेलं नाही. हुचितानचा बाजार पडद्यावर पाहताना मला तो फार लांबचा वाटला होता. इथे मी त्याच्या मधोमध उभी होते आणि माझ्या पायावर खवले पडत होते.

लिलाव झाला तिथेच वाळूत लाल रंग लावलेले सिमेंटचे ठोकळे पुरलेले होते. मी विचारल्यावर सुलूनं सांगितलं की इथे जेटी होणार आहे. ती झाली की लिलावाची ही वाळू जाईल, आणि मासे सुकवायची त्यामागची जागाही. तालुक्याहून साहेब आले होते, शाळेत मीटिंग झाली. पुरुषांना निरोप होता, ते गेले. काय ठरलं ते सुलूला संध्याकाळी गणपतनं घरी येऊन सांगितलं. तिला निरोप का नव्हता, असं मी विचारलं. ती म्हणाली, होडी गणपतच्या नावावर आहे. एवढं बोलून ती पुढच्या टोपलीकडे गेली. गाव आणि माणसं ओळखू येतील असं काही छापू नको, हे मला तिनं नंतर सांगितलं ते यामुळे. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून इथल्या माणसांची नावंही मी बदलली आहेत.

सिनेमा सोमवारी दुपारी दाखवायचा असं तिथेच ठरलं. सोमवारी शंकराचा वार म्हणून हिंदू घरांत मासे खात नाहीत, गिऱ्हाईक कमी, त्यामुळे बायकांना दुपार मोकळी असते. जागेवरून थोडं झालं. देवळाच्या सभामंडपात माशांच्या पाट्या घेऊन जाता येत नाही आणि चर्चच्या हॉलची किल्ली फादरांकडे, ते गोव्याला गेलेले. शेवटी जाळी ठेवायच्या मांगरात दाखवू म्हणाल्या. मांगर म्हणजे अर्ध्या भिंतीची, वर नारळाच्या झावळ्यांची झापं घातलेली मोठी शेड. तिथे कुणाला पाय धुऊन यावं लागणार नव्हतं.

देवगड

प्रोजेक्टर नव्हता. रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून रोझीबाय मला देवगडला घेऊन गेल्या. तिथे त्यांच्या भाच्याचा हापूसच्या पेट्या मुंबईला पाठवायचा व्यवसाय आहे आणि बागाईतदारांना काहीबाही दाखवण्यासाठी त्यानं प्रोजेक्टर घेऊन ठेवलेला. सगळ्या वाटेवर कलमं मोहरली होती. वास गोड आणि जरा जडसर, आणि त्यातच फवारणीच्या औषधाचा. भाचा मोहोराकडे बघून फारसा खूश नव्हता. थंडी आणखी पंधरा दिवस राहायला हवी म्हणाला. त्यानं आम्हाला खटखटे लाडू खायला दिले आणि प्रोजेक्टर दिला. अर्ध्या वाटेवर आल्यावर लक्षात आलं की वायर तिथेच राहिली. परत गेलो. दुसऱ्यांदा पुन्हा लाडू खावे लागले.

येताना रोझीबाय म्हणाल्या की पिंगुळीला चित्रं दाखवून गोष्ट सांगणारे चित्रकथी आहेत, तू वाचणारी बाई, तुला आवडेल. मी पुन्हा कधी तरी जाईन म्हटलं. माझं लक्ष सोमवारकडे लागलं होतं. शैलाचं निवेदन मी तोवर फक्त घरी, कानाला हेडफोन लावून ऐकलं होतं.

सोमवार

भिंतीवरच्या उघड्या जागेला ताडपत्र्या लावल्या, समोर रोझीबायची पांढरी चादर ताणली, आणि आरतीसाठी गावात असलेला स्पीकर कुणीतरी आणून जोडला. जेवणं उरकून बायका आल्या आणि गुंडाळलेल्या जाळ्यांवर जागा धरून बसल्या. काहींनी विणकाम आणलं होतं. पुरुष दाराबाहेर रेंगाळत होते, त्यांत गणपतही होता. सुलू आतून म्हणाली, "भायर उभो रवान काय बघतस? भितर ये. पण बोलू नको." तो आत आला नाही, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला.

सिनेमा सुरू झाला आणि शैलाचा आवाज त्या मोठ्या स्पीकरमधून आला. एवढा मोठा तो मी कधी ऐकला नव्हता. मग मागून एक बाई हळूच म्हणाली, "सर्दी झाल्ली हा तिका." मी इतक्या वेळा ऐकलं होतं, पण ते आता मलाही ऐकू आलं. तिला सर्दीच झाली होती.

त्यानंतर सगळ्याच बोलू लागल्या. हुचितानच्या बायकांचे फुलाफुलांचं भरतकाम केलेली पोलकी बघून झाली, त्यांच्या गळ्यातल्या सोन्याच्या नाण्यांच्या माळा बघून "पुतळ्यांची माळ" असं चारी बाजूंनी म्हणून झालं. बाजारात सुकी कोळंबी ढीग लावून ठेवलेली दिसली तेव्हा सगळ्या पुढे सरकल्या. एवढी लहान सुंगटं आपण विकायला ठेवत नाही, यावर त्यांचं एकमत झालं. पाय बांधून विकायला ठेवलेले इग्वाना आले. शैला पडद्यामागून त्यांची माहिती सांगत होती, पण "घोरपड" या एका शब्दानं तो विषय संपला. मग एक मासेमार घरी येतो, माशांची टोपली उंबऱ्याजवळ ठेवतो आणि बायको वर न बघता ती ओढून घेते, तेव्हा इतकं हसू उसळलं की शैलाचं बोलणं ऐकू आलं नाही. गणपतही हसत होता.

हसणं ओसरलं आणि शैला म्हणाली: "या गावात राज्य बायकांचं आहे."

त्याच वेळी लाईट गेली. पडदा काळा झाला. कोकणात लाईट जाण्याचं कुणाला काही वाटत नाही. दोघींनी उठून ताडपत्री वर केली, उजेड आत आला. सुलू चादरीकडेच बघत होती.

"शैला गो, ह्या तू काय बोललंस?" ती म्हणाली, जणू शैला चादरीमागे उभी आहे. "राज्य खंयचा? भाव माझो. पण मीटिंगीक खुर्ची कोणाक? आमका बोलवूक पण नाय."

"रवांदे गो," रोझीबाय म्हणाल्या. "माका आयकाक बरा वाटला. जन्मात आमच्याविषयी असा कोणी बोलूक नाय."

"बरा वाटला म्हणान खरा होता काय?"

कोपऱ्यात जाळं विणणारी म्हातारी म्हणाली की राज्य असतं तर तिला निदान दुपारची झोप मिळाली असती. हशा झाला, पण सुलू हसली नाही. दोन्ही बाजूंनी बोलणं वाढलं. काहींचं म्हणणं होतं की घरात आणि वाळूत आपलंच चालतं, मग त्याला राज्य म्हणायला काय हरकत आहे. इतरांचं म्हणणं असं की दमणूक आपली आणि सही दुसऱ्याची, ह्याला राज्य म्हणत नाहीत. शेवटी सुलू माझ्याकडे वळली.

"तू सांग. ता काढूक येता काय, तेव्हडाच?"

काढता येतं, मी सांगितलं. अनघानं मला ते दाखवलं होतं. पण मी काढणार नाही, तो तिचा आवाज आहे. हे मी ठरवल्यापेक्षा बरंच मोठ्यानं बोलले.

सुलूला राग आला नाही. ती विचार करत होती. "बरा, काढू नको," ती म्हणाली. "पण मगे ती चुकली म्हणान तिका कोण सांगतला? ती तर आता येवची नाय."

शैलाचा एकही शब्द हलू द्यायचा नाही हे धरून मी इतके महिने बसले होते. तिचं म्हणणं कुणाला पटणार नाही, आणि ते तिला सांगणारं कुणी उरणार नाही, असा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. ती जिवंत असती तर इथेच या जाळ्यांवर बसून सुलूशी भांडली असती, आणि रात्री मला फोन करून ते भांडण सांगितलं असतं.

लाईट आली. थोड्याच वेळात तिचं निवेदन संपलं आणि न बोललेला भाग सुरू झाला.

आधी मोठा उत्सव दिसला. रात्रभर चालणारा नाच, बायका बायकांबरोबर नाचताहेत, पुरुष कडेला बसून बिअर पिताहेत. याला निवेदनाची गरज पडली नाही. मग चित्र बदललं. एका हॉलमध्ये सभा भरली होती. गावाबाहेरच्या जमिनीवर पवनचक्क्यांचे प्रचंड खांब उभे राहणार होते, त्याबद्दल. समोर टेबल, टेबलामागे पुरुष. समोरच्या खुर्च्यांवरही बहुतेक पुरुषच. बायका मागच्या भिंतीला लागून उभ्या होत्या.

"खुर्चे बघा," सुलू म्हणाली. आता कुणी वाद घातला नाही.

भिंतीजवळची एक म्हातारी पुढे आली आणि बोलू लागली. तिची भाषा मांगरात कुणाला कळत नव्हती. खाली इंग्रजी अक्षरं येत होती, ती वाचणारी तिथे मी एकटीच होते. रोझीबायनी चष्मा आणला नव्हता. ती काय म्हणते ते दोघी-तिघींनी विचारलं. सुलूनं विचारलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी लॅपटॉपवर सिनेमा मागे नेला आणि उभी राहिले. म्हातारी पुन्हा बोलू लागली, तसं तिच्या मागोमाग मी बोलले:

"तुम्ही सकाळपासून कागदावर बोट ठेवून बोलताय. हा तुकडा याच्या नावावर, तो तुकडा त्याच्या. माझं नाव त्यात कुठेच नाही, ते मला माहीत आहे. पण त्या जागेवर माझी आई कोळंबी सुकवत होती आणि आज मी सुकवते. खांब तिथे येणार असेल तर मला विचारा. माझ्या नवऱ्याला विचारलंत म्हणजे मला विचारलं असं होत नाही."

मग सुलू म्हणाली, "परत सांग. सावकाश."

मी परत सांगितलं. तिसऱ्या वेळी मला सांगावं लागलं नाही. सुलूच बोलली, स्वतःच्या भाषेत, एकेक शब्द जोखून: "घोवाक विचारलास म्हंजे माका विचारलास, असा होणा नाय." शेजारच्या बाईनं ते पुन्हा म्हटलं, मग तिच्या शेजारचीनं. गणपत अजून चौकटीला टेकून होता. त्याला कुणी टोमणा मारला नाही. थोड्या वेळानं तो बाहेर बघत म्हणाला की पुढच्या महिन्यात साहेबांची परत मीटिंग आहे, शाळेतच. सुलूनं त्याला वार विचारला. त्यानं सांगितला.

सिनेमाचा शेवट, नावं वगैरे, कुणी बघितली नाहीत.

परत

मंगळवारी निघाले. रोझीबायनी बरोबर तिरफळं दिली आणि कालवण खाणाऱ्याला आधी सांगायचं म्हणून बजावलं. घाट चढताना मी पिशवीतून स्वेटर काढला.

महिन्याच्या शेवटी पुण्यात ध्वनिमुद्रण झालं. काचेच्या खोलीत एकटीनं माइकसमोर बसायचं मला भय होतं; तसं काही झालं नाही, खोली ग्रंथालयासारखीच शांत होती. तंत्रज्ञ कुशल होता. त्यानं सांगितलं की माझा आवाज थोडा बदलून शैलाच्या आवाजाशी असा जुळवता येईल की जोड कुठे आहे ते कुणाला कळणार नाही. अनघानंही विचारलं की ते राज्याचं वाक्य खटकत असेल तर आताच काढून टाकू का. मी दोन्हींना नको म्हटलं.

उत्सवाच्या चित्रांवर मी काहीच बोलले नाही. सभेचा हॉल येतो तिथे एवढंच बोलले: "माझी बहीण मघाशी म्हणाली, या गावात राज्य बायकांचं आहे. मालवणच्या किनाऱ्यावर तिच्या एका मैत्रिणीनं विचारलं, मग खुर्ची कुणाची? बहीण आता उत्तर द्यायला नाही. ही आजी बोलते आहे, तिचं ऐकू या." त्यानंतर म्हातारीचं बोलणं, जसं मांगरात सांगितलं तसं. बस.

तयार झालेला सिनेमा मी रोझीबायना पाठवला. फाल्गुनात एका दुपारी त्यांच्या फोनवरून सुलू बोलली. मीटिंगला बायका गेल्या होत्या. खुर्च्या कमी पडल्या, त्या उभ्यानंच बोलल्या. जेटीचं अजून काही ठरलेलं नाही; साहेबांनी जागा पुन्हा बघायला येतो असं म्हटलं आहे, येतील तेव्हा खरं. मग तिनं सांगितलं की सिनेमा सगळ्यांनी परत बघितला, शेवटपर्यंत. मी विचारलं, कसा झालाय.

"आवाज तुझो शैलासारखो नाय," ती म्हणाली. "बरा झाला. दोघी बोलतत, ता कळता."